सुरांचे ढीग: एका रकान्यातले गट शोधण्याच्या नोंदी

८ जून २०२५

काम असं आहे. गाण्याचं रेकॉर्डिंग घ्यायचं, दर सेकंदाच्या शंभराव्या भागाला आवाजाची कंप्रता किती होती ते काढायचं, आणि त्या आकड्यांच्या एका लांबलचक रकान्यातून किती सूर लागले नि कुठे लागले हे आरकडून (संख्याशास्त्राच्या कामाची प्रोग्रॅमिंग भाषा) शोधून घ्यायचं. राग कोणता ते सांगायचं नाही, गट किती तेही सांगायचं नाही. भूप असेल तर पाच ढीग आपोआप दिसायला हवेत.

आकडे हर्ट्झमध्ये ठेवून चालणार नाही, कारण कानाला अंतर कळतं ते गुणोत्तराचं. म्हणून सेंट: कंप्रतेला षड्जाच्या कंप्रतेनं भागायचं, दोन या पायाचा लॉग घ्यायचा, १२०० नं गुणायचं. मग षड्ज शून्यावर, पंचम (३/२) ७०२ वर, शुद्ध गंधार (५/४) ३८६ वर. पेटीचा गंधार ४०० वर असतो, म्हणजे १४ सेंट चढा. ज्यांचं गाणं घेणार त्या गायिका म्हणजे ताई. त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे २०७.६५ हर्ट्झच्या आसपास. पण हा आकडा गृहीत धरायचा नाही. त्या दिवशी तानपुरा जिथे लागला असेल तो षड्ज मोजून घ्यायचा.

आर निवडण्यामागे काही तत्त्व नाही. रोजच्या कामात तेच आहे, हात बसलेला आहे.

गाण्याला हात लावण्याआधी उत्तर माहीत असलेल्या आकड्यांवर पद्धती पारखून घेणार.

११ जून

पहिली परीक्षा: आरसोबतच येणारा ‘फेथफुल’ हा संच. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या ओल्ड फेथफुल या उष्णोदकाच्या फवाऱ्याच्या २७२ नोंदी आहेत: फवारा किती मिनिटं उडाला आणि पुढच्या फवाऱ्यासाठी किती मिनिटं थांबावं लागलं. थांबण्याचा रकाना ४३ पासून ९६ पर्यंत जातो आणि त्यात दोन ढीग आहेत, एक ५५ च्या आसपास नि दुसरा ८० च्या.

सगळ्यात भाबडी पद्धत आधी. आकडे चढत्या क्रमानं लावायचे, शेजारच्या दोघांमधला फरक काढायचा, जिथे फरक मोठा तिथे कापायचं. इथे ती अजिबात लागू पडत नाही. मिनिटं पूर्णांकात आहेत, त्यामुळे शेजारचे फरक बहुतेक शून्य नाहीतर एक. दोन ढिगांच्या मधे रिकामी जागा नाहीच, फक्त वस्ती विरळ होत जाते. डोळ्याला दरी दिसते, फट दिसत नाही. गाण्याचंही असंच होणार. दोन सुरांच्या मधली जागा मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, भरून टाकते.

याच फवाऱ्याचा आणखी एक संच ‘मास’ पॅकेजात (पॅकेज म्हणजे आरला वरून जोडायची तयार साधनपेटी) आहे, २९९ नोंदींचा. त्यातल्या रात्रीच्या काही नोंदी मुळात ‘थोडा वेळ, मध्यम, बराच वेळ’ अशा शब्दांत होत्या आणि त्यांना नंतर २, ३ नि ४ मिनिटं असे आकडे दिले गेले. तिथे गट शोधायला निघालेल्या माणसाला तीन टोकदार शिखरं सापडतात, ती फवाऱ्याची नसून नोंद करणाऱ्याची. मदतीचं पान वाचल्याशिवाय आकड्यांना हात लावू नये, हे आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलांना सांगून माझा घसा सुकला आहे.

१४ जून

दुसरी परीक्षा ‘गॅलक्सीज’. उत्तर मुकुट या तारकासमूहाच्या दिशेच्या ८२ दीर्घिका आपल्यापासून सेकंदाला किती किलोमीटर वेगानं दूर जात आहेत त्याचे आकडे. पोस्टमन, हुक्रा आणि गेलर यांनी ते १९८६ साली मांडले आणि १९९० साली कॅथरिन रोडर यांनी ते संख्याशास्त्रात आणले. तेव्हापासून गट शोधणारी प्रत्येक नवी पद्धत यांच्यावर घासून पाहिली जाते. (मदतीच्या पानावर इथेही एक कबुली आहे: ७८ वा आकडा २६,६९० पडलाय, तो २६,९६० हवा. मी दुरुस्त करून घेतला.)

इथे फटींची पद्धत छान चालते. सगळ्यात मोठी फट १०,४०६ आणि १६,०८४ च्या मधे, ५,६७८ ची. दुसरी २६,९९५ आणि ३२,०६५ च्या मधे, ५,०७० ची. तिसरी १६,१७० आणि १८,४१९ च्या मधे, २,२४९ ची. या तीन जागी कापलं की ७, २, ७० आणि ३ असे चार गट पडतात.

आता याच आकड्यांचे के-मीन्सच्या मापानं चार गट पाडले तर ७, ३९, ३३ आणि ३ येतात. दोनचा तो एकटा पडलेला जोड शेजारच्या मोठ्या गटात गेला आणि मधल्या सत्तरांचे २१,४९२ नि २१,७०१ च्या मधे दोन तुकडे झाले. तिथली फट फक्त २०९ ची आहे! पण के-मीन्स फट बघतच नाही. प्रत्येक आकडा आपल्या गटाच्या सरासरीपासून किती लांब आहे त्याच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी एवढंच त्याला कळतं. सत्तर जणांचा पसरट गट एकत्र ठेवणं त्याला महाग पडतं, दोन जणांना परक्या घरी बसवणं स्वस्त. कुणाचंच उत्तर खोटं नाही, प्रश्नच दोन वेगळे आहेत.

‘नैसर्गिक गट’ म्हटलं की नेमका कोणता प्रश्न विचारायचा असतो? मला सुरांसाठी दरी हवी आहे. सरासरीपासूनचं अंतर मला फारसं कामाचं नाही.

नकाशावाल्यांची पद्धतही बघून घेतली. जॉर्ज जेंक्स हे कॅन्सस विद्यापीठातले नकाशाशास्त्रज्ञ. त्यांच्या नावानं ‘नॅचरल ब्रेक्स’ ओळखले जातात, जिल्ह्यांना रंग देताना वर्ग कुठे तोडायचे ते ठरवण्यासाठी. आरमध्ये ‘क्लासइंट’ या पॅकेजात ते आहेत. आतून मागणी तीच, के-मीन्सची. मात्र ‘क्लासइंट’ला पद्धत न सांगता सोडलं तर ते समसंख्य वर्ग पाडतं, म्हणजे प्रत्येक गटात सारखीच डोकी. ८२ दीर्घिकांचे वीस-एकवीसचे चार ताफे! फटी कुठे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

१५ जून

कालच्याला पुरवणी. एका मितीत के-मीन्स वापरायचंच असेल तर आरचं साधं ‘केमीन्स’ फंक्शन वापरण्याचं कारण नाही. ते सुरुवातीची केंद्रं नशिबावर निवडतं, त्यामुळे वेगवेगळ्या वेळी वेगळं उत्तर येऊ शकतं. सांगितलं नाही तर एकच सुरुवात करून थांबतं. दोन-तीन मितींमध्ये याला इलाज नसतो. एका मितीत मात्र आकडे क्रमानं लावले की प्रत्येक गट सलग तुकडाच असणार, मधला एखादा आकडा पळून दुसऱ्या गटात जाऊ शकत नाही. मग प्रश्न उरतो फक्त कुठे कापायचं एवढा. ८२ आकड्यांचे चार तुकडे करायला ८१ जागांमधून तीन जागा निवडायच्या: ८५,३२० प्रकार. लॅपटॉपला हे एका दमात मोजता येतं, आणि आकडे वाढले की डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (छोट्या तुकड्यांची उत्तरं साठवून त्यांतून मोठं उत्तर बांधायची रीत) आहे. वॉल्टर फिशर यांनी १९५८ सालीच हे दाखवलं होतं. हायझोउ वांग आणि मिंगझोउ साँग यांनी २०११ मध्ये आरसाठी ‘सीके-मीन्स वन-डी डीपी’ हे पॅकेज मांडलं, ते दर वेळी तेच आणि सर्वोत्तम उत्तर देतं.

पण सर्वोत्तम कशाचं, ते वर लिहिलंच आहे.

२१ जून

दऱ्या शोधायच्या तर आकड्यांवर गुळगुळीत रेषा चढवायची आणि तिचे खळगे बघायचे. आरचं ‘डेन्सिटी’ फंक्शन हेच करतं: प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर एक छोटी घंटाकार टेकडी ठेवतं आणि सगळ्या टेकड्यांची बेरीज काढतं. टेकडी किती रुंद, ती बँडविड्थ. अरुंद ठेवली तर रेषेला दातेच दाते, रुंद ठेवली तर सगळं एक पठार.

न सांगता सोडलं तर ‘डेन्सिटी’ सिल्व्हरमनच्या अंगठेबहाद्दर (‘रूल ऑफ थंब’, म्हणजे ढोबळ) सूत्रानं बँडविड्थ ठरवतं: ०.९ गुणिले आकड्यांचा पसारा, भागिले संख्येचं पाचवं मूळ. हे सूत्र आकडे साधारण एकाच ढिगात आहेत असं मनात धरून बनवलेलं आहे. म्हणजे अनेक ढीग शोधायला निघालेल्या माणसाच्या हातात एका ढिगाचं माप! फवारा किती वेळ उडाला त्या रकान्यावर हे सूत्र ०.३३५ देतं, तर शेदर आणि जोन्स यांची १९९१ ची पद्धत ०.१४. निम्म्याहून कमी. मदतीच्या पानावरही लिहिलंय की जुनं सूत्र केवळ ऐतिहासिक कारणानं डीफॉल्ट राहिलंय, शेदर-जोन्स घेणं बरं.

सुरांच्या बाबतीत हे किती बिघडेल ते कागदावर काढलं. सूर ० ते १२०० सेंटांत सारखे पसरलेत असं धरलं तर पसारा (प्रमाण विचलन) ३४६. सहाशे आकडे असतील तर सूत्र म्हणतं ८७ सेंट. आता दोन सारख्या ढिगांच्या मधे दरी दिसायची तर त्यांच्यातलं अंतर त्यांच्या पसाऱ्याच्या दुपटीहून जास्त हवं. षड्ज आणि कोमल रिषभ (१६/१५) यांच्यात ११२ सेंट. म्हणजे पसारा ५६ च्या आत हवा, आणि इथे एकट्या टेकडीचीच रुंदी ८७. भैरवातला कोमल रिषभ षड्जाच्या पोटात गडप होणार.

साठ हजार आकडे दिले तर हेच सूत्र ३५ च्या आत येतं आणि रिषभ वर येतो. आकडे जास्त दिले म्हणून रिषभ दिसला. गाण्यात काही बदललं नाही!

२९ जून

पहिलं रेकॉर्डिंग. तानपुरा खोलीत लावला तर गायिका श्वास घेताना थांबली की कंप्रता शोधणारा प्रोग्रॅम तानपुऱ्याचाच षड्ज-पंचम पकडतो आणि फुकटचे हजारो आकडे त्या दोन जागी जमा होतात. म्हणून तानपुरा अॅपवर, फक्त ताईंच्या कानात. माइक जवळ. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की थांबायचं. मिरज-सांगलीत जूनच्या शेवटी असं रेकॉर्डिंग करणं म्हणजे बहुतेक वेळ थांबणंच.

ताईंना कानात अडकवून गाणं मुळीच आवडलं नाही. “मिरजेत राहून तानपुरा मोबाइलवर ऐकायचा? पलीकडच्या गल्लीत तंतुवाद्यं बनतात गं.” तरी गायल्या. भूपातला आलाप, मग एक बंदिश.

कंप्रता काढायला प्रात. ॲमस्टरडॅमच्या बोएर्स्मा आणि वीनिंक यांचा हा मोफत प्रोग्रॅम मुळात भाषाध्वनींच्या अभ्यासासाठी आहे. किमान कंप्रता ७५ हर्ट्झ ठेवली की तो दर ०.०१ सेकंदाला एक आकडा देतो. दहा मिनिटांचे साठ हजार. श्वास, शांतता नि अघोष व्यंजनं इथे आकडा नसतो, ते वगळले. मधूनमधून तो सप्तकाची गल्लत करतो, दुप्पट नाहीतर निम्मी कंप्रता देतो. आपण तिन्ही सप्तकं एकावर एक दुमडणार आहोत, त्यामुळे ही गल्लत आपोआप पोटात जाते.

६ जुलै

दुमडल्यावर नवीनच तिढा. सेंटांना १२०० नं भागून बाकी घेतली की षड्जाचे दोन तुकडे होतात: किंचित चढा लागलेला षड्ज ५ वर, किंचित उतरलेला ११९५ वर. रकान्याच्या दोन टोकांना अर्धे-अर्धे ढीग! आपला रकाना सरळ रेषा नाही, ते वर्तुळ आहे.

तीन वाटा दिसल्या. एक, वर्तुळासाठीच बनवलेलं पॅकेज घ्यायचं. साँग यांच्याच गटानं नंतर ‘ऑप्टसर्क्लस्ट’ काढलं आहे, पण मागणी पुन्हा के-मीन्सची. दुसरी, वर्तुळ सगळ्यात ओसाड जागी कापायचं. भूपात पंचम-गंधारामधे किंवा धैवत-षड्जामधे मोकळं रान आहे, पण भैरवीत बाराही सूर येतात, तिथे ओसाड जागा कुठून आणायची? तिसरी वाट साधी: तोच रकाना १२०० वजा करून आणि १२०० मिळवून दोनदा आणखी जोडायचा, तिप्पट आकड्यांवर रेषा काढायची आणि मधलाच भाग ठेवायचा. तिसरी घेतली.

एक बारीक गोष्ट: ‘डेन्सिटी’ सांगितलं नाही तर ५१२ बिंदूंवरच रेषा काढतं. तिप्पट पसाऱ्यात ते सात-सात सेंटांवर पडतात, शिखराची जागा तेवढ्यानं सरकते. ४०९६ ठेवले. आणि बँडविड्थ हातानं द्यायची, कारण तिप्पट केलेल्या रकान्यावर कोणतंही आपोआप सूत्र चुकीचा पसारा मोजणार.

शिखरं शोधायला पॅकेज लागत नाही. रेषेच्या लागोपाठच्या फरकांचं चिन्ह घ्यायचं आणि ते अधिकाचं उणे कुठे होतं ते बघायचं. उण्याचं अधिक होतं ती दरी. दऱ्या ‘फाइंडइंटरव्हल’ला दिल्या की प्रत्येक आकड्याला गटाचा क्रमांक मिळतो.

भूपात पाच शिखरं आली. गंधार ४०० च्या खाली आहे, ३८६ च्या बाजूला. ताईंना दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “हे सांगायला कॉम्प्युटर लागतो?”

१२ जुलै

पाच शिखरं दिसली, पण आकड्यांनी स्वतः ‘पाच’ म्हणावं असं हवं होतं. म्हणून ‘एमक्लस्ट’. हे पॅकेज आकडे अनेक घंटाकार ढिगांच्या मिश्रणातून आलेत असं धरतं, आणि ढीग किती ते बीआयसी नावाच्या गुणांकावर ठरवतं. (दुसरीकडे बीआयसी जितका कमी तितका चांगला, ‘एमक्लस्ट’मध्ये चिन्ह उलटं, जास्त तो चांगला. दोन पॅकेजांची उत्तरं शेजारी ठेवताना हे डोळ्यांसमोर हवं.) त्यानं नऊ ढीग दिले. नऊ का? कारण सांगितलं नाही तर ते एक ते नऊ एवढंच बघतं, आणि नऊवरही त्याची भूक भागलेली नव्हती. ‘सीके-मीन्स’चा डीफॉल्टही एक ते नऊ. बारा सुरांच्या भैरवीला दोघांच्याही दारात जागा नाही.

वरची मर्यादा वाढवली तर ढीग वाढतच जातात. ढिगांचे आकार घंटेसारखे नाहीत हे एक कारण. मींडेमुळे प्रत्येक सुराला एका अंगानं शेपूट असतं, आणि ते भरायला ‘एमक्लस्ट’ एक पसरट ढीग जास्तीचा लावतं. खरं कारण दुसरं आहे. बीआयसी प्रत्येक आकडा स्वतंत्र साक्षीदार आहे असं मानतं. ताईंनी चार सेकंद षड्ज धरला तर ते चारशे आकडे झाले, पण चारशे वेळा षड्ज लागला असं नाही, एकदाच लागला. साठ हजार साक्षीदार एकमुखानं बोलायला लागले की क्षुल्लक खाचही ‘ठाम पुरावा’ होऊन बसते. जे. ए. आणि पी. एम. हार्टिगन यांची १९८५ ची ‘डिप’ चाचणीही इथे लंगडी, आणि तसंही ती एक शिखर की जास्त एवढंच सांगते, किती ते सांगत नाही.

म्हणून चौकटी, म्हणजे शतांश सेकंदाचे सुटे आकडे, मोजायच्या थांबवून ठहराव मोजायचे. निदान शंभर मिलिसेकंद आवाज पंधरा सेंटांच्या आत राहिला तर तो एक ठहराव: त्याचा मध्यक हा आकडा, त्याचा कालावधी हे वजन. ‘डेन्सिटी’ वजनं घेतं (बेरीज एक करून द्यावी लागते), ‘सीके-मीन्स’ही घेतं. रकाना साठ हजारांवरून शेकड्यांत आला. शेपटं गेली.

२० जुलै

दरबारी. आणि इथे माझं ठहरावाचं नियमपुस्तक गंधारापाशी येऊन थांबलं.

दरबारीचा कोमल गंधार आंदोलित आहे. तो एका जागी उभाच राहत नाही, त्यामुळे ठहरावांच्या रकान्यात तो जवळजवळ नाहीच. कच्च्या चौकटींच्या रकान्यात मात्र आहे, आणि तिथे तो एक नाही, दोन शिखरं घेऊन येतो.

ताईंना विचारलं, “इथे दोन गंधार लावता का तुम्ही?”

“दोन कुठले? एकच. झुलतो तो.”

त्यांचं बरोबर आहे आणि रेषेचंही. झुलणारी कोणतीही गोष्ट टोकांपाशी सावकाश होते नि मधून भर्रकन जाते. मध्य ३०० सेंट, दोन्हीकडे ३० सेंट असं साइन आंदोलन घेऊन हिशेब केला: दोन टोकांच्या सहा-सहा सेंटांत मिळून ४१ टक्के वेळ जातो, मधल्या बारा सेंटांत फक्त १३ टक्के. रुंदी सारखी, वेळ तिपटीहून जास्त. जिथे गायिकेचं मन आहे तिथे आवाज सगळ्यात कमी वेळ असतो! चौकटींचा रकाना वेळ मोजतो, त्यामुळे त्याला एका सुराच्या जागी दोन कडा दिसतात.

मग याच बनावट आंदोलनावर बँडविड्थ बदलत नेली. १० ठेवली तर दोन शिखरं. २० ठेवली तर एक. सीमा सतराच्या आसपास पडते, ३० च्या ०.५६ पट. सूत्रानं काढली आणि आरमध्ये ताडून पाहिली, जुळली.

म्हणजे गट एक की दोन याचं उत्तर रकान्यात नाहीच. किती जवळून बघता यात आहे.

२७ जुलै

वरच्या वाक्याला सांगलीत एक जुना संदर्भ आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची) गुणोत्तरं बसवायचा ध्यास घेतला होता. १९१० साली त्यांनी तो इंग्रजीत मांडला. सूर आधी ठरवून मग मोजायचे ही त्यांची दिशा. माझी उलटी: मोजून मग बघायचं किती ढीग पडतात. १९६३ मध्ये नझीर जयराजभाई आणि स्टोन यांनी वादक-गायकांचे सूर मोजले तेव्हा एकाच कलावंताचा तोच स्वरही जागा बदलताना आढळला होता. अलीकडे बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठातल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पानं शेकडो रेकॉर्डिंगांवर सुरांचे असे आलेख काढले.

माझा प्रश्न त्याहून छोटा. माझ्या या उपकरणाला श्रुती दिसू तरी शकेल का?

कोमल रिषभाच्या दोन श्रुती घेऊ: २५६/२४३ म्हणजे ९० सेंट, १६/१५ म्हणजे ११२ सेंट. अंतर २२, म्हणजे प्रमाणश्रुती, ८१/८०. दोन सारखे ढीग वेगळे दिसायचे तर पसारा ११ सेंटांच्या आत हवा. त्यात गळ्याचा स्वतःचा थरथराट आला आणि बँडविड्थही आली, दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. गळा ८ सेंटांनी हलत असेल तर बँडविड्थला सात-साडेसातच उरतात.

आता हे विसाव्या तारखेच्या हिशेबाशेजारी ठेवलं. श्रुती दिसायला बँडविड्थ ११ च्या खाली हवी. पण तिथे दरबारीचा एक गंधार दोन होतो, आणि ते दोन ‘गट’ श्रुतींसारखेच दिसतात. १७ च्या वर नेली की गंधार एक होतो आणि श्रुती असल्या तरी पुसल्या जातात. एकाच आकड्यानं दोन्ही साधत नाही. चौकटींच्या रकान्यातून कुणी बावीस शिखरं काढून दाखवली तर आधी विचारावं लागेल: बँडविड्थ किती होती आणि आंदोलनं वगळली होती का?

इझेनमन आणि सोमर यांनी १९८८ मध्ये मेक्सिकोच्या १८७२ च्या हिदाल्गो टपाल तिकिटांच्या जाडीवर हेच काम केलं होतं. ४८५ तिकिटं, रेषेवर सात शिखरं. तिथे निदान कागद वेगवेगळ्या प्रकारचा होता हे तिकीटसंग्राहकांना आधीपासून ठाऊक होतं, काहींवर जलचिन्हही होतं. शिखराला बाहेरून साक्ष होती. मला ती साक्ष ताईंच्या कानातूनच मिळणार.

३ ऑगस्ट

म्हणून फंक्शन एकच उत्तर देणार नाही असं ठरवलं. बँडविड्थ ५ पासून ६० सेंटांपर्यंत एकेक सेंटानं वाढवत न्यायची आणि प्रत्येक पायरीवर शिखरं कुठे आहेत ते नोंदवायचं. घंटाकार टेकडी वापरली तर बँडविड्थ वाढताना शिखरांची संख्या कमीच होते, नवीन शिखर मधेच उगवत नाही. सिल्व्हरमन यांनी १९८१ मध्ये याच गुणधर्मावर आपली चाचणी उभी केली. त्यामुळे प्रत्येक शिखराला एक ‘मरणाची’ बँडविड्थ असते: ती ओलांडली की ते शेजाऱ्यात मिसळतं. उत्तर म्हणून तीच यादी द्यायची. १५ वर मेलेलं शिखर आणि ५० पर्यंत तग धरलेलं शिखर, दोघांना एकाच नजरेनं बघायचं कारण नाही.

न सांगता सोडलं तर गट पाडायचे २० सेंटांवर. हा आकडा माझा आहे, कोणत्याही सूत्राचा नाही, आणि फंक्शनच्या मदतीच्या मजकुरात तसं लिहिलंय: १७ च्या वर, म्हणजे ३० सेंटांचं आंदोलन फुटत नाही, आणि ५६ च्या खूप खाली, म्हणजे लगतचे दोन स्वर मिसळत नाहीत. ६० सेंटांनी झुलणारा गंधार आला तर २० वरही फुटेल, तिथे वापरणाऱ्यानं ३५ द्यावेत.

ऑफिसातला सहकारी म्हणाला, हे ‘आपोआप’ कुठे राहिलं? पाच हवेत की सहा ते सांगावं लागत नाही, एवढं आपोआप. किती बारीक बघायचं ते सांगावं लागतं. ते मला माहीत असतं, कारण गळा, माइक आणि कान माझ्या समोर आहेत. रकान्याला ते कसं कळावं?

९ ऑगस्ट

ठहराव आणि चौकटी असे दोन्ही रकाने आता फंक्शन शेजारी छापतं. चौकटींत शिखर आहे आणि ठहरावांत नाही, तर पुढे ‘आंदोलित?’ असं प्रश्नचिन्हासकट येतं. दरबारीत गंधारापुढे आलं, धैवतापुढेही आलं. ताईंनी यादी वाचली, धैवतावर बोट ठेवलं आणि काही न बोलता पुढच्या पानावर गेल्या. हे कौतुक समजायचं असतं.

उरलेलं काम देशकाराचं. भूप आणि देशकार दोघांत तेच पाच स्वर. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; देशकाराचा धैवत. गटांची संख्या तीच, जागाही जवळपास त्याच, म्हणजे गट पाडून हे दोन राग वेगळे ओळखता येणार नाहीत. वजनांचा रकाना लागेल: कोणत्या ढिगात किती सेकंद, आणि ठहराव कोणत्या ढिगावर संपतात. वजनं आधीच साठवलेली आहेत. ठहरावांचा क्रम साठवत नव्हतो, तो रकाना आज जोडला. ताईंनी देशकार सकाळीच गाणार म्हणून सांगितलंय, तेव्हा रेकॉर्डिंग पावसाची उघडीप आणि रविवार एकत्र आले की.